येतो म्हणून गेलेले

संजीव

आधी बेल वाजली. मग बेलवर विश्वास नसल्यासारखी दारावर टकटक.

लगेच उठायचं नाही, असं सेलोमने फोनवर नीट समजावलं होतं. त्याच्या लोकांत मुलीला मागणी घालायला येतात त्या कार्यक्रमालाच दार ठोठावणं म्हणतात. आतून विचारायचं, कोण आहे, काय काम आहे. ते म्हणणार, तुमच्या बागेत एक फूल पाहिलंय. त्यावर काय म्हणायचं, असं संजीवने विचारलं होतं. काहीही म्हणा काका, फक्त पहिल्या टकटकीला उघडू नका, बरं दिसत नाही.

फेब्रुवारीत वेस्ट विंडसरमध्ये कुणाच्याच बागेत फूल नव्हतं. हिरवळीवर आठवड्याचा बर्फ होता, कडेला काळा पडलेला.

"बाबा, दे आर फ्रीझिंग," देवांग सोफ्यावरून म्हणाला. अबोलीचा हा धाकटा भाऊ सकाळपासून सगळ्याचा आनंद लुटत होता.

संजीव दाराशी गेला, पण हात कडीला लागेना. ताईला, त्याच्या थोरल्या बहिणीला, त्याने फ्रीमाँटहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं ते एकाच कामासाठी. नाही म्हणायला. ताई वयाने पंधरा वर्षं मोठी, तिला कारण द्यावं लागत नाही. त्याला द्यावं लागलं असतं, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. मुलगा ॲन आर्बरला मातीवर संशोधन करतो, अबोलीच्याच इमारतीत. नम्र आहे. पोळी खातो. रंगाचं म्हणाल तर ते कारण नाही, हे संजीवने स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की हल्ली त्यालाच शंका यायला लागली होती.

खरं कारण ऑक्टोबरमध्ये याच दारात घडलं होतं. भांडण झालं, अबोलीने बॅग उचलली, आणि उंबऱ्यात वळून त्याला म्हणाली, "जाते मी, बाबा."

येते नाही. जाते. मरणाला निघालेलं माणूससुद्धा जे म्हणत नाही ते. दीपाला तो काही बोलला नव्हता. शब्दावरून रडणारा बाप दिसायचं नव्हतं त्याला.

बाहेर पुन्हा टकटक झाली. त्याने मदतीसाठी ताईकडे पाहिलं, आणि ताई

दीपा

मात्र जमिनीवर पानं मांडायच्या तयारीत होत्या.

डायनिंग टेबल आठ जणांचं असताना वन्संनी सकाळीच जाहीर केलं होतं की पहिल्यांदा येणारी माणसं पाटावर बसतील. पाट नव्हते. योगाच्या मॅट घड्या घालून ठेवल्या होत्या. दीपाने वाद घातला नाही. तिला वन्सं आज हव्या होत्या. तिने त्यांना निघायच्या आदल्या रात्री फोनवर गोड बोलून आपल्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला होता आणि वन्संनी तिला उत्तर म्हणून वांग्याच्या काचऱ्यांची कृती सांगितली होती. त्या कुठल्या बाजूला आहेत हे अजून कुणालाच कळलं नव्हतं.

दार उघडलं. थंडी आली, मग तीन माणसं. पुढे सेलोम, हसरा, घाबरलेला. मागे त्याचे दोन काका. सेलोमचे वडील गेलेले. आईला लोमेहून यायला व्हिसा मिळाला नाही, म्हणून मागणी घालायचा मान काकांचा. थोरले कोजो, उंच, सुटातले, घानाच्या बाजूला आफ्लाव गावी हेडमास्तर होते, आता मेरिलँडला मुलीकडे. धाकटे क्वामी, गोल चेहऱ्याचे, लोमेत दुकान होतं. लॉटरीत ग्रीन कार्ड लागलं आणि आता नूअर्कला एका गोदामात आहेत. दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून आले होते. दोघांच्या हातात वेगवेगळ्या बाटल्या. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं ते इतक्या सफाईने, की दीपाला आपल्या माहेरच्या वाटणीनंतरची लग्नं आठवली.

"अंकल कोजो," अबोलीने ओळख करून दिली. "आणि हे तोंतों क्वामी."

"तोंतों?"

"फ्रेंचमध्ये अंकल."

"सख्खे भाऊ ना? मग एक अंकल आणि एक तोंतों कसे?"

खरं तर दीपाला ते माहीत होतं. थँक्सगिव्हिंगला सेलोमने तिच्या ओट्यावर सांडलेल्या कणकेत बोटाने समुद्र काढला होता आणि समुद्रापासून वर एक रेघ. इकडे इंग्रज, तिकडे जर्मन. मध्ये आम्ही. पुढे जर्मन लढाई हरले, त्यांच्या जागी फ्रेंच आले. माणसं बदलली काकू, रेघ तीच राहिली. लोमे शहर जिथे संपतं तिथे घाना सुरू होतो. एका बाजूला अंगणात कपडे वाळत घातले की वाऱ्याने दुसऱ्या देशात जातात. बर्लिनला गोरे लोक आफ्रिकेच्या वाटण्या ठरवायला टेबलाभोवती बसले तेव्हा आमच्यातलं कुणीच त्या खोलीत नव्हतं. ज्यांचं घर त्यांनाच बाहेर उभं करून वाटणी, असं काहीतरी दीपा त्यावर म्हणाली होती, आणि ओटा पुसताना त्या रेघेवरून फडकं फिरवायला तिला उगाच अवघड वाटलं होतं.

"आपण दोघांनाही काका म्हणू," वन्सं जमिनीवरून म्हणाल्या. "सोपं पडतं. बसा, काका."

दोघेही बसले. मधल्या मॅटवर सेलोम. रेघेसारखा

अबोली

ताठ.

सुरुवात चांगली झाली. अंकल कोजोंनी हिरवी चौकोनी बाटली पुढे ठेवली, डच छापाची जिन. गोऱ्यांनी आणली आणि आमच्या पूर्वजांना तिची चटक लागली, आता तिच्याशिवाय त्यांना हाक ऐकू जात नाही, असं म्हणून ते स्वतःच हसले. लगेच तोंतों क्वामींनी तिच्याशेजारी आपली बाटली ठेवली. तिला लेबल नव्हतं. ही आपली, एवढंच ते म्हणाले. आत्याने ती उचलली, बूच काढलं, वास घेतला. अबोलीने डोळे मिटले.

"माडाची आहे," आत्या म्हणाली. "फेणी. संज्या, वास घे. मामांच्या घरची आठवण येईल."

माड म्हणजे पाम, हे सेलोमने ओळखलं, त्याने एवे भाषेत काकाला सांगितलं, आणि तोंतों क्वामी आल्यापासून पहिल्यांदा हसले. त्या क्षणी अबोलीला वाटलं, झालं, जमलं. बाबा गप्प होते, पण बाबा ऑक्टोबरपासून गप्पच होते. भांडण संपलं, मनधरणी झाली, तिने दोनदा माफी मागितली, तरी ते फोनवर हवामानापलीकडे जात नव्हते. तिला कळत नव्हतं काय राहिलंय. आज ते हो म्हणाले नाहीत तरी लग्न होणार होतं, सेलोमशी तिचं तसं ठरलंही होतं. पण असं लग्न तिला नको होतं. ती एकतीस वर्षांची होती आणि तिला बापाचा होकार हवा होता, आणि याची तिला लाज वाटत नव्हती.

मग बाबांनी एक साधा प्रश्न विचारला. लग्न कुठे करायचं म्हणता?

लोमेत, तोंतों क्वामी म्हणाले. आमच्या आईच्या घरी.

आफ्लावमध्ये, अंकल कोजो म्हणाले. त्याच क्षणी.

पुढचं एवेत झालं. सेलोम तिच्या कानात इंग्रजीत सांगत राहिला, तुकड्यातुकड्यांत, आणि त्याचा आवाज बसत गेला.

कोजो म्हणतात, त्या घरात मी पाय ठेवणार नाही. माझ्या आईला माझ्याशिवाय पुरलं त्या घराने.

क्वामी म्हणतात, हद्द बंद होती. साथ होती. पोलीस म्हणाले, आजच पुरा. मी किती थांबणार होतो?

कोजो म्हणतात, पहिली मूठ मातीची थोरल्याची असते. मी तारेपलीकडे उभा होतो. मला ढोल ऐकू येत होता. इतका जवळ.

क्वामी म्हणतात

सेलोम थांबला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, अख्खं गाव मागच्या वाटेने ये-जा करत होतं. भाजीवाल्या येत होत्या, बकऱ्या येत होत्या. तूच आला नाहीस. हेडमास्तर ना. गोऱ्यांनी मारलेली रेघ, आणि ती पाळणारा तू एकटा."

अंकल कोजो उठले. इतक्या उंच माणसाला मॅटवरून उठायला वेळ लागतो. त्या वेळात कुणी तरी काही तरी बोलायला हवं होतं. त्यांनी कोटाचं बटण लावलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि इंग्रजीत, अगदी सभ्यपणे म्हणाले,

"आय ॲम कमिंग."

आणि गेले. बूट घातले, दार ओढलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

कोजो

(हे पान मांडून ठेवलं आहे.)

देवांग

पहिलं कोण बोललं तर तोच.

"ही सेड कमिंग. अँड ही लेफ्ट."

कुणी हसलं नाही. त्याने ताईकडे पाहिलं. अबोली ताई रडत नव्हती, तिचा चेहरा फक्त लहान झाला होता, मिडल स्कूलमध्ये व्हायचा तसा. बाबा खाली बघत होते, आणि देवांगला दिसलं की त्यांचे खांदे सैल पडले आहेत. सुटल्यासारखे. त्याला त्या क्षणी बाबांचा राग आला, आणि राग आला याचं आश्चर्यही वाटलं, कारण आतापर्यंत तो कुणाच्याच बाजूला नव्हता.

बाबा उठले. इंग्रजीत, ऑफिसच्या आवाजात म्हणाले की कदाचित आज वेळ बरोबर नाही, सगळ्यांनी जरा विचार करावा. आई पुऱ्यांचा झारा हातात धरून दारात उभी होती. तोंतों क्वामीही उठायला लागले.

"बसा," आत्या म्हणाली. मराठीत. ते बसले.

"ताई, ते गेले," बाबा म्हणाले.

"येतो म्हणाले ना? मग येतील. दीपा, त्यांचं पान काढू नकोस. वाढ सगळं. कोशिंबीर डाव्या हाताला."

"ताई, रागावून गेलेत ते. आणि मी तुला कशासाठी बोलावलं होतं, तुला माहितेय."

"माहितेय," आत्या म्हणाली. "त्याचं बघू नंतर. आधी मला या धाकट्या काकांना एक सांगायचंय. अबोली, इंग्रजीत सांग. आणि जावई, तू पुढे तुमच्या भाषेत."

जावई हा शब्द देवांगला माहीत होता. बाबांना तर नक्कीच. आत्याने तो कोशिंबिरीसारखा

शैलजा

सहज वाढून टाकला होता, आणि आता उचलून घ्यायचा तिचा विचार नव्हता.

खरं म्हणजे विमानात बसताना ती नाही म्हणायलाच निघाली होती. संजीव तिचा धाकटा, त्याने काही मागितलं की ती देत आली होती. पण मघाशी तो उंच माणूस उठला, कोटाचं बटण लावलं, तेव्हा तिला दिसले आपले बाबा. सातार्ड्याच्या शाळेचे मास्तर. तेही नदीकाठी असंच बटण लावून उभे होते.

ती सांगू लागली. एक वाक्य ती, मग अबोली, मग सेलोम. गोष्ट तीन होड्या बदलत पलीकडे चालली.

आमचं आडनाव पेडणेकर. पेडणं गोव्यात, आम्ही सातार्ड्याला, मध्ये तेरेखोलची नदी. नदीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. पुढे इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. माझी आई, सुमित्रा, पलीकडची. होडीत बसलं की माहेर. मी आठ वर्षांची असताना आपल्या सरकारने हद्द बंद केली. आदल्या महिन्यात आई माहेरी जाऊन आली होती. निघताना तिने तिच्या आईला सांगितलं, येते.

"शी सेड, आय ॲम गोइंग," अबोलीने सांगितलं.

"गोइंग नाही," शैलजा म्हणाली. "कमिंग."

"पण ती निघाली होती ना, आत्या? तिथून जात होती."

"जातच होती. म्हणून तर येते म्हणायचं. जाते म्हणत नाहीत कधी, माणूस गेलं तरच गेलं म्हणतात. निघताना येते म्हणायचं. म्हणजे परत येईन."

अबोली भाषांतर करायचं विसरली. तिच्या तोंडावर काहीतरी हळूहळू चढत गेलं. पण सेलोमने इंग्रजीची वाट पाहिली नव्हती; कमिंग ऐकताच तो काकाकडे वळला होता आणि एकच शब्द म्हणाला होता.

"मेग्बोना."

क्वामींनी मान वर केली.

आम्हीही हेच म्हणतो, सेलोम घाईघाईने सांगू लागला, मराठी-इंग्रजी एकत्र करून. उठून जाताना. मी येतोय. घानातले लोक इंग्रजीतही तेच म्हणतात, अमेरिकेत सगळे गोंधळतात, माझ्या प्रोफेसरांना वाटलं मी वेडा आहे. अंकल कोजो आत्ता तेच म्हणाले. गेले नाहीत ते. येतायत.

क्वामींनी एवेत काही तरी सांगितलं, सावकाश, जमिनीकडे बघत. सेलोमने ते लगेच पुढे दिलं नाही. शैलजाने थांबून राहून ते मिळवलं.

"म्हणतात, माझा भाऊ सगळ्यांना तसं म्हणतो. शेवटच्या दिवशी आईलाही म्हणाला होता. पलीकडे घरी औषध होतं, ते आणायला गेला. सकाळी हद्द बंद. ती विचारत राहिली, कोजो येतो म्हणाला होता ना."

स्वयंपाकघरात तेल तापल्याचा वास आला. दीपा हलली नाही.

"माझ्या आजीनेही असंच विचारलं असणार," शैलजा म्हणाली. "ती गेली तेव्हा पलीकडून कोळ्याने निरोप आणला. होडीवाले अंधारातून नेत होते लोकांना. आई काठावर गेली, मी तिचा पदर धरून. बाबा म्हणाले, मास्तरच्या बायकोने कायदा मोडला तर मुलांना मी काय शिकवू. आई आली परत. सहा वर्षं तिने बाबांना दोष दिला नाही. पोर्तुगिजांना नाही, नेहरूंना नाही. एकच म्हणायची, मी येते म्हटलं होतं." तिने एक घोट पाणी घेतलं. "आणि बाबा भित्रे नव्हते, हे म्हातारी झाल्यावर कळलं मला. रेघेच्या या बाजूला राहणाऱ्याला ती रेघ पाळल्याची शिक्षा वेगळी असते. धाकट्याने थांबायला हवं होतं, थोरल्याने यायला हवं होतं. दोघंही बरोबर. रेघ मारणारे गेले निघून, आणि भांडण ठेवून गेले तुम्हाला."

ते अबोलीने सांगितलं, सेलोमने सांगितलं. मग क्वामींनी विचारलं, तुमच्या आई पुढे कधी पलीकडे गेल्या का?

"गोवा सुटला त्याच महिन्यात. सहावा महिना चालू होता तिला. होडीतून उतरली तर मामीने सांगितलं, दरवर्षी आईच्या श्राद्धाला तुमचं पान मांडत होतो. येते म्हणून गेलेल्याचं पान मांडावंच लागतं. तिथेच बाळंत झाली. हा" तिने संजीवकडे बोट केलं "तिथला."

"थ्री मंथ्स," देवांग क्वामींना म्हणाला. "तीन महिने आधी जन्मले असते तर बाबा पोर्तुगीज असते. आय वुड हॅव अ युरोपियन पासपोर्ट."

सेलोमने त्याचंही भाषांतर केलं. क्वामी इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि पुसत राहावे लागले.

संजीव, पुन्हा

त्याला ही गोष्ट माहीत होती. म्हणजे आईची होडी, मामीचं पान, सगळं. पण तो अबोलीकडे बघत होता. गोइंग, ती म्हणाली होती. क्षणभरही विचार न करता, अगदी सरळ: निघाली म्हणजे गोइंग.

अबोली त्याच्याजवळ येऊन बसली, मॅटच्या काठावर.

"बाबा. मी ऑक्टोबरमध्ये काय म्हणाले होते? दारात?"

त्याने मॅटची घडी सरळ केली.

"जाते म्हणाले होते ना मी. म्हणून तुम्ही…"

"असू दे."

"मला माहीत नव्हतं, बाबा. खरंच. आई नेहमी येते म्हणते, मला वाटायचं तो शॉर्टकट आहे काही तरी. मी जात होते म्हणून जाते म्हणाले. ग्रामर म्हणून."

तिला मराठी त्यानेच शिकवली होती. रविवारी सकाळी, क्रियापदं. मी जाते, तू जातेस, ती जाते. येणं आणि जाणं वेगवेगळ्या पानांवर होतं. निघताना ती अदलाबदल करायची असते, हे शिकवायचं राहून गेलं, कारण हे शिकवावं लागतं हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. चार महिने तो एका व्याकरणाच्या धड्यावर रुसून बसला होता. त्याला हसू येऊ लागलं आणि ते बरं लक्षण नव्हतं, कारण ताई बघत होती.

"कोशिंबिरीला पाणी सुटायला लागलं," ताई म्हणाली. "दीपा, पुऱ्या टाक."

"ते आले नाहीत तर?"

"पुऱ्या टाक."

दीपाने टाकल्या. पहिला घाणा झाला. दुसरा झाला. क्वामी खिडकीकडे बघत नव्हते, पण अशा बेताने बसले होते की खिडकी दिसावी. रस्त्यावरून एक गाडी गेली, बर्फ सारणारी. मग दुसरी, ती थांबली.

दारावर टकटक झाली. बेल नाही.

देवांग उठायला निघाला, तर ताईने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. संजीव यजमान होता, मुलीचा बाप, आतून विचारायचा मान त्याचा. तो जागचा हलला नाही. ताईने काही सांगितलं नव्हतं, पण यावेळी त्याला कळलं. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघायचं टाळलं.

क्वामी उठले. पायमोज्यांवर चालत दाराशी गेले आणि

कोजो

दार उघडलं ते धाकट्याने.

कोजोंच्या टोपीवर बर्फ होता. गाडीत त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, हेडमास्तरी, तीन भागांचं. ते दारात उभं राहिल्यावर आठवेना. क्वामीचे पायमोजे त्यांना दिसले, एकाला अंगठ्याशी भोक. आई असती तर म्हणाली असती, हा असा कसा आलास लोकांकडे.

"वोएझो," क्वामी म्हणाला.

आतून सेलोम हळूच त्या घरच्या लोकांना सांगत होता, वोएझो म्हणजे वेलकम, शब्दशः म्हणाल तर, चालून आलास. अंतर कापून आलास.

"यो," कोजो म्हणाले. त्याचं उत्तर तेच असतं.

ते आत आले. बूट काढले. त्यांच्या जागी पान मांडलेलं होतं, वाढलेलं, पुरीसुद्धा, अजून टम्म फुगलेली. ती म्हातारी बाई त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत होती, जणू त्यांना शाळेतून यायला थोडा उशीर झाला होता.

मी लगेच वळणार होतो, त्यांनी इंग्रजीत खुलासा केला. रूट वनवर लागलो आणि वळताच येईना. तुमच्या या राज्यात डावीकडे वळूच देत नाहीत. डावीकडे जायला आधी उजवीकडे जा, गोल फिरा, मग सिग्नल. तीनदा चुकलो.

"ॲम सॉरी, दॅट्स जर्सी," देवांग म्हणाला.

"हे कुणी आखलं?" कोजोंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की आधी क्वामीच फुटला. मग ते दोघेही हसत सुटले, एवेत, काही न बोलता.

जेवताना ते म्हणाले, लग्न लोमेत. मी येईन. त्यांनी कुठला शब्द वापरला हे क्वामीने नीट ऐकलं आणि म्हणाला, आईच्या जागेवर पहिलं पाणी तू सोड. माती मी टाकली, पाणी तुझं. कोजोंनी पुरीचा तुकडा मोडला, तो बराच वेळ बोटांत राहिला. मग खाल्ला.

सगळे

बाटल्या दोन होत्या. कोजोंनीच धाकट्याची बिनलेबलाची पुढे सरकवली.

राहिलेला विधी साधा होता. मुलीच्या बापाने मुलीला तीनदा विचारायचं, यांची बाटली घेऊ का. ती तीनदा हो म्हणाली तरच फोडायची. त्यानंतर परत देता येत नाही.

"अबोली, घेऊ का?"

"घ्या, बाबा."

"घेऊ का?"

"घ्या."

तिसऱ्यांदा विचारायला संजीवने वेळ घेतला. शैलजाने डोळे वटारले. दीपाने झारा उचलला, जणू मारणारच होती.

"मी उगाच थांबलो नाही," संजीव म्हणाला. "परत देता येत नाही म्हणतात, म्हणून म्हटलं नीट विचारावं. घेऊ का, बाळा?"

"घ्या ना, बाबा."

सगळ्यांनी घोटघोट घेतली. दीपाला ठसका लागला. शैलजाने दुसऱ्यांदा पुढे केलेल्या पेल्याला नको म्हटलं नाही. पूर्वजांसाठी जमिनीवर थेंब सोडायचे असतात म्हणून कोजोंनी देवांगला कुंडी आणायला लावली, कारण गालिच्याखाली जमीन कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. तुळशीची कुंडी आली, हिवाळ्यामुळे आत आणलेली, काड्या उरलेली. थोरल्याने थेंब सोडला, मग धाकट्याने, आणि मग कुणी न सांगता संजीवने. त्याने आईचं नाव घेतलं. सुमित्रा.

ऊन कलायला लागलं तसे दोघे काका निघाले. कोजोंनी क्वामीला नूअर्कपर्यंत आपल्या मागे-मागे यायला सांगितलं. पुढची वाट आपल्याला आता पाठ झाली आहे असा त्यांचा दावा होता. दारात त्यांनी संजीवचा हात हातात घेतला.

"आय ॲम कमिंग," ते म्हणाले.

"या," संजीव म्हणाला.

मागोमाग अबोली आणि सेलोम निघाले, ॲन आर्बरला, रात्रभर गाडी चालवायची होती. बॅग तीच ऑक्टोबरची होती. अबोली उंबऱ्यावर थांबली, वळली, आणि तिने वाक्य आधी मनात जुळवून पाहिलं, परीक्षेत जुळवतात तसं. बोलताना तिने ते अनेकवचनात केलं.

"येतो आम्ही, बाबा."

संजीवला दोन उत्तरं येत होती. ये, लेकीसाठी, एकटीसाठी. ते तो जन्मभर देत आला होता. त्याने तिच्या मागे उभ्या असलेल्या, मफलर नीट न बांधता आलेल्या मुलाकडे पाहिलं.

"या," तो म्हणाला.